‘ॲपल’मध्ये ‘ए’ कुठंय? मुलांना इंग्रजी शिकवायला निघण्याआधी

2025 च्या जूनमध्ये पहिलीपासून कुठल्या भाषा शिकवायच्या यावरून राज्यात रान पेटलं होतं. तिसरी भाषा म्हणून हिंदी आणण्याचे दोन्ही शासन निर्णय सरकारनं 29 जूनला मागे घेतले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या सगळ्या गदारोळात एका भाषेबद्दल कुणी फारसं बोललं नाही, ती म्हणजे इंग्रजी. मराठी माध्यमाच्या शाळांत ती 2000 सालापासून पहिलीतच आहे. प्रा. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. म्हणजे पहिलीत इंग्रजी शिकलेल्या पहिल्या तुकडीतली मुलं आज तिशीत आली आहेत, काहींची स्वतःची मुलं पहिलीत आहेत. पण सहा वर्षांच्या मुलासमोर इंग्रजी घेऊन उभं राहणाऱ्या माणसानं आधी काय तयारी करायची, हे सांगणारं मराठीत फार कमी लिहिलं गेलंय.

पुण्यात हा प्रश्न मला वर्षभर कुणी ना कुणी विचारत असतं. आयटीतली नोकरी सोडलेल्या मैत्रिणी, बँकेतून निवृत्त झालेले काका, नुकतं डीएड झालेल्या मुली, शनिवार-रविवार वस्तीत शिकवायला जाणारे कॉलेजचे विद्यार्थी. त्यातले बहुतेक जण तयारी म्हणून एकच गोष्ट करतात: व्याकरणाचं जाडजूड पुस्तक काढून स्वतःचं इंग्रजी घासूनपुसून घेतात. मीही तेच केलं होतं.

मग पर्वतीच्या पायथ्याशी एका वस्तीतल्या वर्गात मी फळ्यावर ‘ए फॉर ॲपल’ लिहिलं. पुढच्या रांगेत सात वर्षांची एक मुलगी बसली होती. तिची आई मार्केट यार्डातून फळं आणून हातगाडीवर विकायची, त्यामुळे सफरचंद तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ती म्हणाली, “बाई, ॲपलमध्ये ए कुठंय?” मी फळ्यावरच्या पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. ती म्हणाली, “ते दिसतंय. ऐकू कुठं येतंय?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. व्याकरणाच्या पुस्तकात ते नव्हतंच.

अक्षराचं नाव वेगळं, काम वेगळं

त्या मुलीचा प्रश्न अगदी बिनचूक होता. ती मराठी शिकत होती, आणि मराठीत ‘क’ या अक्षराचं नाव ‘क’ आणि आवाजही ‘क’. कमळ, कप, काका, सगळीकडे तो आपलं नाव घेऊनच येतो. इंग्रजीत तसं नाही. अक्षराचं नाव ‘ए’, पण ॲपलमध्ये त्याचा आवाज ‘ॲ’. ‘एच’च्या नावात ‘ह’ नाही आणि ‘डब्ल्यू’च्या नावात ‘व’ सापडत नाही.

आपल्याकडे मुलांना हजेरीपटावरचं एक नाव असतं आणि घरातलं एक. पटावर ‘अनिकेत’, पण घरी हाक ‘बंड्या’ अशीच मारायची, तरच तो ओ देतो. इंग्रजी अक्षरांचंही तसंच समजा. ‘ए, बी, सी’ ही पटावरची नावं. वाचायला उपयोगी पडते ती हाक, म्हणजे आवाज. अक्षरांची नावं बाजूला ठेवून आधी आवाज शिकवायचे आणि ते जोडत शब्द वाचायला लावायचं, या पद्धतीला फोनिक्स म्हणतात. पुण्यात गल्लोगल्ली त्याच्या पाट्या लागल्यात, म्हणून शब्द एकदा समजून घेतलेला बरा. फोनिक्सची गरज पडते कारण इंग्रजीत अक्षरं 26 आणि आवाज साधारण 44. मग एकाच अक्षराला दोन-दोन, तीन-तीन आवाज सांभाळावे लागतात.

हे मराठी मुलांना पटवून देणं वाटतं तितकं अवघड नाही. त्यांना ‘चार’ म्हणायला सांगा, मग ‘चाक’ म्हणायला सांगा. लिहिताना ‘च’ तोच, पण जीभ दोन्ही वेळा वेगळ्या जागी लागते. ‘जीभ’ आणि ‘जाड’ यांचंही तसंच. एका अक्षराचे दोन आवाज ही मुलं रोज काढत असतात, फक्त कुणी ते दाखवून दिलेलं नसतं. मी हे दाखवते तेव्हा वर्गभर दोन मिनिटं नुसतं ‘चार-चाक, चार-चाक’ चालतं. मग ‘ॲपल’चा ‘ॲ’ आणि ‘केक’मधला ‘ए’ एकाच अक्षराचे, हे ऐकून कुणी दचकत नाही.

बाराखडीसारखा इंग्रजीतला आवाजांचा क्रम कुठून सुरू करायचा? ‘ए’पासून ‘झेड’पर्यंत सरळ जाऊ नका. एस, ए, टी, आय, पी, एन ही सहा अक्षरं आधी घ्या. एवढ्यातच सॅट, पिन, टॅप, टिन, पॅन, नॅप असे कितीतरी शब्द तयार होतात, आणि मूल पहिल्याच पंधरवड्यात स्वतः शब्द वाचतं. ‘ए’ ते ‘डी’ची नुसती नावं शिकून काही वाचता येत नाही, फक्त म्हणता येतं.

परकी भाषा की दुसरी भाषा?

ज्या मुलाला वर्गाबाहेर इंग्रजी कानावर पडते, दुकानात, शेजारी, घरात, त्याच्यासाठी ती ‘दुसरी भाषा’. ज्या मुलीला वर्ग सुटल्यावर इंग्रजी दुसऱ्या दिवशीपर्यंत ऐकूच येत नाही, तिच्यासाठी ती ‘परकी भाषा’. परकी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याला जगभर ‘टेफल’ म्हणतात.

नकाशावर भारत कुठल्या रकान्यात येतो यावर तज्ज्ञ वाद घालतील. शिक्षकानं बघायचं ते आपल्या समोरच्या मुलाचं घर. बाणेरच्या सोसायटीतल्या मुलासाठी इंग्रजी दुसरी भाषा असेल. तिथून तासाभरावरच्या मुळशीतल्या जिल्हा परिषद शाळेतल्या मुलीसाठी ती टोकियोतल्या मुलाला असते तितकीच परकी आहे. आपण मात्र दोघांसाठी एकच पुस्तक, एकच वेग आणि एकच परीक्षा ठेवतो. पहिल्या तासाआधी मुलांच्या घरी, निदान वस्तीत, एक चक्कर मारावी असं मी सांगते ती यासाठी. दुकानांच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत, मोबाइलवर काय चालू असतं, घरात इंग्रजी वाचणारं कुणी आहे का, हे डोळ्यांनी बघून यावं.

लहान वयात सुरू केलं की आपोआप येतं ना?

पालकांचा सगळ्यात पक्का समज हाच, आणि तो पूर्ण चुकीचाही नाही. भाषाशास्त्रज्ञ एरिक लेनेबर्ग यांनी 1967 साली मांडलं की भाषा सहज आत्मसात करण्याचा काळ साधारण वयात येण्यापर्यंत असतो. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण लहान मुलांचे कान नवे आवाज चटकन टिपतात हे कुठल्याही आईला माहीत असतं.

अडचण वयाची नाही, तासांची आहे. जरा हिशोब करू. मूल जागेपणी रोज 10 तास घरची भाषा ऐकतं असं धरा. वर्षाचे झाले 3,650 तास. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 200 दिवस शाळा सांगितली आहे. रोज 40 मिनिटांची एक तासिका इंग्रजीची धरली तर वर्षाचे झाले 133 तास. म्हणजे मराठीचं एका वर्षाचं ऐकणं इंग्रजीत भरून काढायला शाळेची 27 वर्षं लागतील.

‘लहान मूल भाषा टिपकागदासारखी शोषून घेतं’ असं म्हणतात, ते खरं आहे. पण टिपकागदाला आधी शाई लागते! बार्सिलोनात शाळकरी मुलांवर दीर्घकाळ अभ्यास झाला. तिथे तासांची संख्या सारखी ठेवल्यावर उशिरा सुरू केलेली, थोडी मोठी मुलंच पुढे गेलेली दिसली. मोठ्या मुलाला विचार करून शिकता येतं. लहान मुलाला भरपूर ऐकून शिकायचं असतं, आणि नेमकं तेच त्याला आपण देत नाही.

पाचवीत इंग्रजी सुरू झालेल्या आपल्या आजोबांच्या पिढीचं इंग्रजी आपल्यापेक्षा बरं का होतं, असं अनेक जण विचारतात. कारणं खूप आहेत, आणि शिकलेली मुलं तेव्हा थोडीच होती हेही विसरून चालणार नाही. पण पाचवीपर्यंत त्यांची मराठी पक्की झालेली असायची, हे एक कारण मी तरी मानते.

आधी कान, मग तोंड

वर्षाला 133 तासच मिळणार असतील तर त्यातलं मिनिटही वाया घालवून चालत नाही. ते सगळ्यात जास्त वाया जातं कुठे? न समजणारी वाक्यं कोरसमध्ये म्हणून घेण्यात. ‘रिपीट आफ्टर मी’ म्हटलं की चाळीस मुलं खणखणीत आवाजात ओरडतात आणि शिक्षकाला वाटतं, वा, आलं! त्यातल्या एकाला बाहेर बोलावून अर्थ विचारा.

स्टीफन क्रॅशन या अमेरिकी भाषातज्ज्ञानं एक साधी गोष्ट ठासून मांडली: जे कळतं ते ऐकत राहिल्यानं भाषा येते. नुसतं ऐकून नाही, कळून. मूल घरातही बोलायला लागण्याआधी वर्षभर ऐकतच असतं. ‘दिवा कुठाय?’ विचारल्यावर ते दिव्याकडे बघतं, आणि आपण टाळ्या वाजवतो. त्या वयात त्याला ‘म्हण, दिवा’ असा धाक कुणी घालत नाही. इंग्रजीच्या वर्गातही असा एक मुका काळ येतो. काही मुलांचा तो आठवड्याचा, काहींचा चार-पाच महिन्यांचा. त्या काळात मूल शिकत नाही असं नव्हे, ते साठवत असतं. त्या काळात त्याला उभं करून बोलायला लावलं की ते साठवणं थांबतं आणि भीती साठते.

मग मूल बोलत नसताना त्याला समजलंय हे कसं ओळखायचं? अंगानं. जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1960 च्या दशकात यावर एक पद्धतच बांधली: शिक्षकानं आज्ञा द्यायची, मुलांनी कृती करून दाखवायची, बोलायची सक्ती नाही. आपल्याकडे ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या हेच करतोय. ‘शिवाजी म्हणतो, सिट! शिवाजी म्हणतो, टच युवर नोज! जंप!’ शिवाजीनं न सांगता ज्यानं उडी मारली तो बाद. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं वर्गात गोंधळ चाललाय. प्रत्यक्षात प्रत्येक मूल जिवाचा कान करून इंग्रजी ऐकत असतं.

नंतर प्रश्न पायरीपायरीनं वाढवायचे. आधी ‘लेमन दाखव’ या अर्थाचं ‘शो मी द लेमन’, मूल बोट दाखवेल. मग ‘इज धिस अ लेमन?’, उत्तर हो किंवा नाही. मग ‘लेमन ऑर ऑरेंज?’, यात उत्तर प्रश्नातच आहे, मुलानं फक्त उचलायचं. शेवटी ‘व्हॉट इज धिस?’ नवीन शिक्षक नेमकं शेवटच्या पायरीवरून सुरुवात करतात आणि मुलं गप्प बसली की निराश होतात.

विष्णुशास्त्री चिपळूणकर इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणाले. त्यांनीच टिळक आणि नामजोशींबरोबर 1 जानेवारी 1880 ला याच शहरात न्यू इंग्लिश स्कूल काढलं. वाघिणीचं असो नाहीतर गाईचं, तान्ह्या बाळाला दूध बोंडल्यानंच पाजावं लागतं. गडू तोंडाला लावला तर ठसकाच लागणार.

शिक्षकानं स्वतःची वाक्यं छाटावीत

तयारीचा हा भाग कुणीच करत नाही, आणि माझ्या लेखी तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. म्हणून इथे थोडी थांबते.

आमच्याकडे शिकवायला एक तरुण इंजिनिअर यायचा. इंग्रजी उत्तम, मुलांवर जीव. पहिल्या दिवशी तो म्हणाला, “ओके चिल्ड्रन, सो नाऊ व्हॉट आय वुड लाइक यू टू डू इज, टेक आउट युवर बुक्स अँड टर्न टू पेज टेन, बट डोन्ट स्टार्ट रायटिंग यट.” वर्गातल्या तीस मुलांना त्या वाक्यातला ‘बुक्स’ हा एकच शब्द ओळखीचा होता. काहींनी पुस्तक काढलं, काहींनी वही. दोघांनी लिहायला सुरुवात केली, कारण ‘रायटिंग’ ऐकल्यासारखं वाटलं. तो हताश होऊन मराठीत ओरडला, मुलं घाबरली.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघांनी बसून त्या वाक्याचे तुकडे केले. पुस्तक हातात धरून: ‘बुक.’ उघडून दाखवत: ‘ओपन.’ दोन्ही हातांची बोटं पसरून: ‘पेज टेन.’ पेन्सिल टेबलावर ठेवत: ‘पेन्सिल डाउन.’ चार तुकडे, प्रत्येकाला एक हातवारा, आणि प्रत्येकानंतर सगळ्यांचं होईपर्यंत थांबायचं. तिसऱ्या दिवसापासून हातवारे न करताही मुलं पान उघडायला लागली. मग तुकडे हळूहळू वाढवत पूर्ण वाक्यापर्यंत न्यायचे.

याला मोडकंतोडकं इंग्रजी शिकवणं म्हणतात का? नाही. ‘ओपन युवर बुक’ हे पूर्ण, शुद्ध इंग्रजी आहे. छाटायचा तो फाफटपसारा. तासाआधी वहीत दहा सूचना लिहून काढा, प्रत्येक पाच शब्दांच्या आत बसवा, आणि वर्षभर त्याच शब्दांत द्या. आज ‘सिट डाउन’, उद्या ‘टेक युवर सीट्स’, परवा ‘सेटल डाउन’ असं केलं की मुलांच्या कानाला पकडायला काही राहत नाही.

याच्याच जोडीला थांबणं येतं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेला 1970 च्या दशकात आढळलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद वाट बघतात. तीन सेकंद थांबलं तरी मुलांची उत्तरं लांब आणि चांगली होतात. परक्या भाषेत तर मुलाला प्रश्न आधी समजून घ्यायचा, उत्तर मराठीत शोधायचं आणि मग इंग्रजीचा शब्द हुडकायचा असतो. मी पाठीमागे हात घेऊन पाच बोटं एकेक करून मिटते आणि तोवर गप्प राहते. ते पाच सेकंद सुरुवातीला फार लांब वाटतात.

माझं इंग्रजी फाडफाड नाही, मी शिकवू शकेन का?

शिकवू शकाल. मुलांना पहिली दोन-तीन वर्षं लागणारं इंग्रजी थोडं असतं. भाषेची पातळी मोजायला युरोपनं 2001 मध्ये जी सहा पायऱ्यांची शिडी प्रसिद्ध केली, तिच्या पहिल्या दोन पायऱ्यांत ते सगळं मावतं. पण ते थोडं तुमचं पक्कं हवं. ‘हाउ मेनी’ आणि ‘हाउ मच’मध्ये तुमचाच गोंधळ असेल तर तो जसाच्या तसा तीस जणांकडे जाईल.

उच्चारांची भीती मात्र सोडून द्या. बीबीसीसारखं बोलायची गरज नाही. भारतीय वळणाचं स्वच्छ इंग्रजी जगात सगळीकडे कळतं. जिथे आवाज बदलला की शब्दच बदलतो, तेवढ्या जागा सांभाळायच्या. मराठी माणसाच्या अशा दोन जागा मी नेहमी सांगते. पहिली ‘व’ची: इंग्रजीत दोन वेगळे आवाज आहेत, एक वरचे दात खालच्या ओठाला लावून, दुसरा ओठांचा चंबू करून. आपण दोन्हींना एकच ‘व’ वापरतो, म्हणून बनियनसाठीचा ‘व्हेस्ट’ आणि पश्चिमेचा ‘वेस्ट’ सारखेच होतात. दुसरी जागा ऱ्हस्व-दीर्घाची. ‘शिप’ म्हणजे जहाज आणि ‘शीप’ म्हणजे मेंढी. लिहिताना आपण वेलांट्या सांभाळतो, बोलताना नाही. ‘ॲ’ आणि ‘ऑ’ची चिंता नको. बॅट आणि बॉल लिहिता यावेत म्हणून मराठीनं अर्धचंद्र कधीच आपलासा केलाय.

एक कळकळीची विनंती: पाठ्यपुस्तकात इंग्रजी शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीनं देवनागरी उच्चार लिहून देऊ नका. डोळा ओळखीच्या लिपीकडेच जातो. मूल देवनागरी वाचतं आणि इंग्रजी अक्षरं नुसती शोभेला उरतात.

व्याकरण कधी?

मराठी बोलणारं चार वर्षांचं पोर ‘मी आंबा खाल्ला’ म्हणतं आणि ‘मी पोळी खाल्ली’ही म्हणतं. आंबा पुल्लिंगी, पोळी स्त्रीलिंगी, आणि क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे गेलं, हे त्याला कुणी शिकवलं? कर्मणी प्रयोगाची व्याख्या त्याला शाळेत बऱ्याच वर्षांनी भेटणार आहे. वापर आधी येतो, नियम नंतर. ‘धिस इज माय बॅग’ हे वाक्य सहा वर्षांच्या मुलाला अख्खंच द्यायचं. ‘इज’ म्हणजे काय हे सोलून दाखवायचं नाही.

चुकांचंही तसंच आहे. मूल ‘आय गोएड’ म्हणालं की आपण कपाळाला हात लावतो. पण हेच मूल दोन-तीन वर्षांपूर्वी ‘मी करलं’ म्हणत होतं. ‘बसलं, पडलं, हसलं’ यावरून त्यानं नियम काढला होता आणि तो ‘कर’ला लावला होता. तेव्हा आजी हसून म्हणाली, “केलंस होय? शाब्बास!” बरोबर रूप तिनं सहज कानात टाकलं, चूक दाखवली नाही. इंग्रजीच्या तासाला शिक्षकानं त्या आजीसारखं वागावं: ‘ओह, यू वेंट? व्हेअर?’ बस्स.

नऊ-दहा वर्षांपुढच्या मुलांना मात्र नियम आवडतात, ते कोडं सोडवल्यासारखं वाटतं. तरी त्यांनाही आधी काम द्यावं. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी 1979 ते 1984 या काळात दक्षिण भारतातल्या सर्वसाधारण शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचा पाठ नाहीच, त्याऐवजी नकाशे, वेळापत्रकं, हिशोब यांतली कोडी इंग्रजीतून सोडवायची. भाषा कामाच्या ओघात येत गेली. बंगळूर प्रकल्प म्हणून तो आजही जगभरच्या अभ्यासक्रमांत शिकवला जातो. मी पीएमपीच्या बसचं वेळापत्रक फळ्यावर लिहिते: स्वारगेटहून कात्रजला पाच वाजायच्या आत पोहोचायचंय, कुठली बस? मुलं भांडतात, अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी. ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ त्या भांडणात कायमचे बसतात.

वर्गात मराठी बोललेली चालेल का?

चालेल, आणि लपूनछपून नको. मराठी बोललं म्हणून दंड किंवा ओणवं उभं करणं हा प्रकार मी पाहिलाय, आणि त्यानं इंग्रजी आलेलं एकही मूल पाहिलेलं नाही. घरची भाषा ज्याची पक्की, त्याला दुसरी भाषा लवकर लागते, कारण वाचणं म्हणजे काय, गोष्ट म्हणजे काय, हे त्याला एकदा कळलेलं असतं. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याचा आग्रह आहे.

फक्त मराठी कुठे वापरायची ते ठरवून घ्या. खेळाचे नियम सांगायला, रडणाऱ्या मुलाला समजवायला, ‘टुमॉरो’सारखा हातवाऱ्यानं न दाखवता येणारा शब्द सांगायला एक मराठी शब्द पुरतो. प्रत्येक इंग्रजी वाक्यामागोमाग त्याचं मराठी म्हणत गेलात तर मात्र मुलं इंग्रजी ऐकायचंच सोडून देतात. मराठी येणारच आहे हे त्यांना ठाऊक असतं.

मुलं मराठी नसतील तर?

चाकण-तळेगावच्या कारखान्यांमुळे पुण्यात कोरियन आणि जपानी कुटुंबं राहतात, आणि त्यांच्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या पुणेकर बायकाही आहेत. तिथे मराठीचा आधार नाही, त्यामुळे चित्रं, वस्तू आणि अभिनय यांवर दुप्पट मेहनत घ्यावी लागते. शिवाय त्यांच्या भाषेचे आवाज थोडे समजून घ्यावेत. कोरियन भाषेत ‘फ’चा इंग्रजी आवाज नाही, तिथे कॉफीची ‘कॉपी’ होते. जपानीत जोडाक्षरासारखे व्यंजनांचे गठ्ठे नसतात, म्हणून मिल्कचं ‘मिरुकु’. हे ठाऊक असलं की तुम्ही त्या मुलाला आळशी समजत नाही.

सर्टिफिकेट घेऊ का?

शाळेत रीतसर शिक्षक व्हायचं असेल तर आपल्याकडे इयत्तेप्रमाणे डीएलएड (पूर्वीचं डीएड) किंवा बीएड आणि पहिली ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, लागते. टेफलचं सर्टिफिकेट त्याची जागा घेत नाही. क्लास काढायला किंवा स्वयंसेवक म्हणून शिकवायला त्याचा उपयोग होतो, पण टेफलवर जगात कुठल्याही एका संस्थेचं नियंत्रण नाही, कुणीही कोर्स काढू शकतं. ‘120 तास’ हा आकडा सगळीकडे दिसतो. तो भरवशाच्या कोर्सलाही असतो आणि घरबसल्या उत्तरांवर टिचक्या मारून संपणाऱ्यालाही. पैसे भरण्याआधी एकच विचारा: खऱ्या विद्यार्थ्यांसमोर मला किती तास शिकवायला मिळेल, आणि ते बसून बघणार कोण? केंब्रिजच्या सेल्टा कोर्समध्ये असं 6 तास शिकवावं लागतं, अनुभवी शिक्षक मागे बसून नोंदी करतो. पण सेल्टा मुळात प्रौढांना शिकवण्यासाठी आहे, हेही लक्षात ठेवा.

परदेशी नोकरीच्या जाहिरातींना मात्र जपून. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा नेहमीचा व्हिसा प्रामुख्याने 7 इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. चीननं 2021 मध्ये शाळाबाह्य शिकवण्यांवर कडक निर्बंध आणले तेव्हा बाहेरच्या देशांतून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्यांचं कामही गेलं. सर्टिफिकेट विकणारा हे सांगणार नाही.

पहिल्या तासाची वही

आता प्रत्यक्ष एक तास. विषय फळं, वय सहा-सात, वेळ 40 मिनिटं. नवे शब्द पाचच: लेमन, बनाना, ऑरेंज, ग्रेप्स, मँगो. चिकूला इंग्रजीत सपोटा म्हणतात, पण तो शब्द मुलाला आयुष्यात कुठे ऐकू येणार? चिकू चिकूच राहू दे.

चित्रांचा तक्ता नको, खरी फळं आणा. आंब्याचे दिवस नसतील तर आंबा वगळा. एक कापडी पिशवी घ्या. पहिली दहा मिनिटं फक्त तुम्ही बोलायचं: फळ बाहेर काढा, हुंगा, नाव घ्या, मुलांच्या हातात फिरू द्या. ‘स्मेल.’ ‘यलो.’ ‘ओह, सावर!’ म्हणताना तोंड आंबट करा. मग ‘शिवाजी म्हणतो, टच द लेमन’. मग फळं पिशवीत घालून, डोळे मिटून हात घालायला लावा: ‘लेमन ऑर ऑरेंज?’ मुलं पाच-सहा मिनिटांत कंटाळतात, तेव्हा खेळ बदला, शब्द नको. शेवटच्या पाच मिनिटांत ज्याला बोलावंसं वाटेल तो बोलेल. लिहायचं काही नाही. वहीच्या उजव्या समासात तारीख घाला आणि हेच पाच शब्द दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं पुन्हा काढायचे असं लिहून ठेवा. हे न केल्यामुळे माझे पहिल्या वर्षीचे कितीतरी शब्द मुलांकडून निसटून गेले.

ती फळगाडीवाल्या बाईंची मुलगी अशा तासाला पिशवीत हात घालून म्हणाली होती, “लेमन. पण बाई, हे जुनं आहे, साल बघा.” तेव्हापासून मी लिंबं ताजी घेते, आणि मुलं असतील त्याच्या दुप्पट घेते. तास सुटताना एकेक लिंबू प्रत्येकाच्या हातात द्यायचं. घरी कुणी इंग्रजी बोलत नसलं तरी मूल ते आईपुढे धरून नाव सांगतं. आई म्हणते, काय म्हणालास, परत सांग. तेवढीच दोन मिनिटं त्या 133 तासांत जास्तीची पडतात.